अक्षरांचे मानपान

मुद्राक्षरशास्त्राचा आपण कधीच अभ्यास केला नाही, असे सांगणाऱ्या मराठी गृहस्थाच्या घरी एखादे उपवर अपत्य असेल, तर आपले हे अज्ञान फार काळ टिकेल अशा भ्रमात त्याने राहू नये. कारण लग्न ठरले, मुहूर्त निघाला, कार्यालयाची अनामत भरून झाली आणि ‘आता पत्रिका छापायला टाकली पाहिजे’ हे वाक्य घरातील एखाद्या वडीलधाऱ्या मुखातून बाहेर पडले, की टंक, पॉइंट, समास, ओळींतील अंतर, रंगयोजना आदी जे विषय शिकवावयास मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेस चार वर्षे लागतात, ते सारे विषय त्या गृहस्थास त्याचे आप्तेष्ट एका पंधरवड्यात, आणि तेही विनामूल्य, शिकवून सोडतात. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या या शास्त्राच्या पुस्तकांत उदाहरणे बहुधा परदेशी चित्रपटांच्या भित्तिपत्रकांची नाहीतर एखाद्या संगीतसभेच्या जाहिरातीची असतात. ती पाहून मराठी विद्यार्थ्यास असे वाटते की, या विद्येचा आपल्या प्रपंचाशी काही संबंध नाही. तो गैरसमज दूर व्हावा, एवढ्यासाठी प्रस्तुत विवेचनात लग्नपत्रिका हा एकच ग्रंथ प्रमाण मानला आहे.

शास्त्रातील पहिली संज्ञा ‘हायरार्की’ ही होय. पानावरील कोणती अक्षरे वाचकाने प्रथम पाहावी, कोणती मागाहून पाहावी आणि कोणती मुळीच न पाहिली तरी चालेल, याचा अनुक्रम अक्षरांचा आकार, जाडी आणि स्थान यांच्या साह्याने लावून देणे म्हणजे हायरार्की, अशी तिची व्याख्या करण्यात येते. आपल्या समाजास ही कल्पना नवीन नाही. आपण तिला मानपान म्हणतो, आणि तिच्यापायी भरल्या मांडवातून उठून गेलेले व्याही प्रत्येक घराण्याच्या इतिहासात निदान एक तरी आढळतात. पेशवाईतील कारकुनास ‘चिरंजीव’ कोणास लिहावे, ‘तीर्थरूप’ कोणास, आणि ‘राजमान्य राजश्री’ या मायन्याला नेमके कोण पात्र, याचा शिरस्ता मुखोद्गत असे. त्या कारकुनांच्या हातचे दफ्तर गेले, दौलत गेली, परंतु मायन्याची ती चिंता मात्र वारसाहक्काने वधूपित्यांकडे आली.

रोमन लिपीत लिहिणाऱ्याला या कामी मोठी सोय आहे. त्याच्या अक्षरांची मोठी आणि लहान अशी दोन कुळेच मुळी वेगळी; शिवाय तिरप्या अक्षरांचे एक तिसरे घराणे त्याच्या दिमतीला असते. देवनागरीत असा भेद नाही. येथे ‘क’ हा सर्वांना सारखाच ‘क’ असतो, आणि अक्षरे तिरपी केली तर ती मान दिल्यासारखी न दिसता कलंडल्यासारखी दिसतात. तेव्हा देवनागरीत एखाद्याचा सन्मान करावयाचा, तर त्याचे नाव मोठे तरी करावे लागते नाहीतर जाड तरी. आमच्या पत्रिकांतील नावांना जी सूज चढलेली दिसते तिचे मूळ केवळ यजमानांच्या स्वभावात नसून काही अंशी लिपीच्या या समताधर्मात आहे, हे टीकाकारांनी लक्षात घेतले पाहिजे.

अक्षराचा आकार मोजावयाचे परिमाण म्हणजे पॉइंट. एका इंचाचे बहात्तर भाग केले म्हणजे त्यांतील एक भाग हा एक पॉइंट, आणि असे बारा पॉइंट मिळून एक पायका. येथवर शाळकरी मुलासही समजेल. घोटाळा पुढे आहे. पॉइंटांनी मोजली जाते ती अक्षराची उंची नव्हे. पूर्वी ज्या धातूच्या खिळ्यावर ते अक्षर उठविलेले असे, त्या खिळ्याच्या अंगाची ती उंची. संगणकात खिळा उरला नाही, परंतु त्याची अदृश्य चौकट मात्र तशीच राहिली आहे. देवनागरीत या चौकटीच्या वरच्या मजल्यावर मात्रा, रफार व अनुस्वार यांची आणि तळमजल्यावर उकारांची तजवीज ठेवावी लागते. ही राखीव जागा एका टंकात सढळ असते तर दुसऱ्यात बेताची, आणि म्हणून एकाच पॉइंटातील दोन टंक शेजारी ठेवले असता एक थोराड दिसतो आणि दुसरा खुजा. हे तत्त्व वरपक्षास समजावून सांगण्याच्या भरीस कोणी पडू नये. वराचे आडनाव एका टंकात आणि वधूचे दुसऱ्या टंकात, परंतु दोन्ही काटेकोर चोवीस पॉइंटांत, अशी व्यवस्था करून आपण समानतेचा तह घडवून आणला असे वधूपित्यास वाटत असते. तोच वराचे काका धाकट्या मुलाच्या कंपासपेटीतून पट्टी मागवून घेतात आणि ती संगणकाच्या पडद्यावर लावून पाहतात. पट्टीचा कौल पॉइंटाच्या विरुद्ध गेला, तर आपल्या समाजात पट्टीचा निर्णय अंतिम मानला जातो.

सामान्य पत्रिकेत वाचकाच्या नजरेला किती मुक्काम करावे लागतात, हे एकदा मोजून पाहण्याजोगे आहे. माथ्यावर श्रीगणेश, त्याखाली कुलस्वामिनी आणि ग्रामदैवत प्रसन्न, मग ‘कै.’ या उपपदासह स्वर्गस्थ आजोबा-आजी, ज्यांचे आशीर्वाद हयात मंडळींच्या आशीर्वादांहून एक पॉइंट मोठे असतात, नंतर चि. आणि चि. सौ. कां. हे मुख्य जोडपे. मग निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, समस्त परिवार. आणि तळाशी, अद्याप दातही न आलेल्या निमंत्रकांच्या वतीने, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ हा आग्रह. गावाकडच्या पत्रिकेत यांखेरीज ‘प्रमुख उपस्थिती’ या सदराखाली आजी-माजी आमदारांपासून सोसायटीच्या संचालकांपर्यंत एक संपूर्ण प्रशासकीय विभागच हजर केलेला असतो. हायरार्कीचा नियम सांगतो की, पानावर ठळकपणाच्या फार तर तीन पायऱ्या असाव्यात. तीन पायऱ्यांवर साठ माणसे उभी करावयाची म्हणजे वधूचे मामा कोणत्या पायरीवर, हा प्रश्न उपस्थित होतोच. आणि वधूचे मामा हे पायरीवर न मावणारे व्यक्तिमत्त्व असते.

‘सगळीच नावे ठळक केली, साहेब, तर कुठलंच ठळक दिसणार नाही,’ असे संगणकापाशी बसलेला मुलगा नम्रपणे सांगतो. या एका वाक्यात तज्ज्ञांनी लिहिलेल्या कित्येक प्रकरणांचे सार आहे. त्यावर मामांचे उत्तर तयार असते: ‘मग सगळीच आणखी थोडी ठळक कर.’ जाडी वाढविली म्हणजे ‘ष’, ‘क्ष’, ‘ध’ यांसारख्या अक्षरांच्या पोटातील पोकळी बुजू लागते. या पोकळीस ‘काउंटर’ म्हणतात, आणि अक्षर ओळखू येते ते बरेचसे तिच्यामुळेच. ती बुजली की नावाच्या जागी शाईचा एक प्रतिष्ठित डाग उरतो. मामा त्या डागावर समाधानी असतात, कारण तो इतरांच्या डागांहून मोठा असतो.

खिळ्यांच्या काळी हा प्रसंग इतका विकोपास जात नसे, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. हिंदुस्थानातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यास उतरले. परंतु फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तेथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले ते दूर बंगालात, श्रीरामपूरला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास शिळाछापावर पंचांग काढले, आणि १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना उघडला, त्याच्या घडीव, डौलदार खिळ्यांनी पुढे मराठी आणि संस्कृत ग्रंथांना वळण लावले. मुहूर्त आधी छापून निघू लागले आणि त्या मुहूर्तांच्या पत्रिका मागाहून, हा क्रमही आपल्या स्वभावाला धरूनच झाला.

देवनागरीचा एक संच म्हणजे शेकडो खिळ्यांचा कारभार. काना, मात्रा, जोडाक्षरे, अर्धी अक्षरे यांच्या असंख्य खणांपुढे जुळारी दिवसभर उभा राही आणि हातातील स्टिकमध्ये उलटी अक्षरे सुलट वाचीत ओळ जुळवी. या ओझ्याला कंटाळून लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही खिळ्यांची संख्या घटविण्याचा खटाटोप केला, आणि सावरकरांनी इ-उ-ए यांना ‘अ’च्याच अंगावर वेलांट्या, उकार व मात्रा चढवावयास लावल्या. सांगावयाचा मुद्दा असा की, धातूला मर्यादा होत्या. मोठ्या टाइपातील ‘ळ’ संपले, असे जुळाऱ्याने खणात बोट फिरवून सांगितले की, काळे, गोखले-शिवाळकर, मुळे या सर्व घराण्यांचे मानपान त्या क्षणी तहकूब होत. शिशापुढे कोणाचाच वशिला चालत नसे. संगणकाने हा धाक नाहीसा केला. आता ‘ळ’ कधी संपत नाही, आकाराला वरची हद्द नाही, आणि ‘होत नाही’ हे छापखान्यातील सर्वांत उपयुक्त वाक्य व्यवहारातून बाद झाले आहे.

इतकेच नव्हे, तर अक्षर हवे तसे ओढताही येऊ लागले. वराचे नाव ‘राम’ आणि वधूचे ‘अपराजिता’ असेल तर दोन्ही नावांची लांबी सारखी दिसली पाहिजे, असा हुकूम सुटतो. मग तो मुलगा ‘राम’ या दोन अक्षरांना दोन्ही बाजूंनी धरून ताणतो. नवशिक्यांनी याचा परिणाम नीट पाहावा. आडवे ताणले की उभ्या रेघा जाड होतात आणि आडव्या आहेत तशाच राहतात. शिरोरेखा बारीक, काना मात्र खांबासारखा, अशी ती विसंगती होते. बोरूच्या तिरप्या छाटीतून देवनागरीला जाड-बारीक रेघांचा जो तोल मिळाला आणि खिळे कोरणाऱ्या कारागिरांनी तो जिवापाड सांभाळला, तो या एका ओढीत मोडतो. नाव लहान असेल तर त्याच्या भोवती मोकळी जागा सोडावी, हा साधा उपाय आहे. परंतु मोकळ्या जागेचा विषय पुढे स्वतंत्रपणे यावयाचा आहे, कारण तो वेदनादायक आहे.

दोन ओळींमधील अंतराला ‘लेडिंग’ म्हणतात. छापखान्यात ते साधण्यासाठी ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालीत. पंगतीत समोरासमोरच्या पानांमधून वाढप्याला वरणाचे भांडे घेऊन जाता आले पाहिजे, तेवढेच हे अंतर असावे. अधिक झाले तर जेवणाऱ्यांचा एकमेकांशी संबंध तुटतो, आणि कमी झाले तर वरण धोतरावर सांडते. रोमन लिपीला जेवढे अंतर पुरते तेवढे देवनागरीला पुरत नाही, कारण वरच्या ओळीतील ‘कुटुंबातून’चे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीतील ‘मैत्रिणींनी’ची वेलांटी, मात्रा व अनुस्वार ही सारी सेना वर चढून येते. इंग्रजी पत्रिकेचा आराखडा घेऊन त्यात मराठी मजकूर ओतणाऱ्याला ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते. आणि ऐनवेळी ठाण्याच्या काकांची चार नावे वाढली, म्हणजे पहिली गदा येते ती या अंतरावरच. नाव कापणे अशक्य, आकार घटविणे त्याहून अशक्य, परंतु ओळींमधील जागेला कोणी नातेवाईक नसल्यामुळे तिची जप्ती विनातक्रार होते.

दोन अक्षरांमधील अंतर जुळवून घेणे म्हणजे ‘कर्निंग’. सर्व अक्षरांमध्ये एकसारखे अंतर ठेवले की झाले, असे नवशिक्यास वाटते. वस्तुतः अंतर मोजून सारखे असावयाचे नसते, ते डोळ्याला सारखे दिसावयाचे असते. या कलेचे महत्त्व ज्याला पटवून घ्यावयाचे असेल, त्याने ‘ख’ या अक्षराचे चरित्र अभ्यासावे. ‘ख’ म्हणजे उघडउघड ‘र’ आणि ‘व’ यांची एक सैल युती. त्या दोघांत केसभर फट पडली की चि. सौ. कां. रेखा हिची ‘रेरवा’ होते आणि तिचे आजोबा कै. सखाराम हे ‘सरवाराम’ होऊन एका अपरिचित कुळाचे मूळपुरुष ठरतात. १९५३ साली लखनौ येथे लिपीसुधारणेची जी परिषद भरली, तिने ‘ख’च्या दोन्ही भागांची खालून गाठ मारून दिली, ती याच कारणासाठी. त्याच परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे देण्याचेही ठरविले होते. ते मात्र लोकांच्या पचनी पडले नाही आणि पुढे मागे घ्यावे लागले. ‘ख’ची गाठ तेवढी टिकली. शासनाने लावलेल्या लग्नांपैकी हे बऱ्यापैकी यशस्वी म्हणावे लागेल.

कर्निंगचे धाकटे भावंड ‘ट्रॅकिंग’. संपूर्ण शब्दातील सर्व अक्षरे एकदम विरळ किंवा दाट करणे, हे त्याचे काम. रोमन लिपीत सुट्या अक्षरांना विरळ केले म्हणजे एक खानदानी ऐट येते. ही ऐट पाहून आपल्याकडील हौशी लोक ‘शुभविवाह’ हा शब्दही तसाच विरळ करावयास सांगतात. येथे आडवी येते ती शब्दातील सर्व अक्षरे एकत्र बांधून ठेवणारी शिरोरेखा. मोडी लिहिणारा कारकून तर आधी संपूर्ण पानभर शिरोरेखाच आखून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरांची रांग उतरवी. सांगण्याचे तात्पर्य, आपली अक्षरे एकत्र कुटुंबात राहणारी आहेत. त्यांना ताणून दूर केले की शिरोरेखेचे जागोजाग तुकडे पडतात आणि ज्या पत्रिकेने दोन घराणी जोडली जावयाची तिच्या शीर्षकातच ‘शु भ वि वा ह’ अशी पाच बिऱ्हाडे वेगळी झालेली दिसतात.

टंक निवडणे हा स्वतंत्र अध्याय आहे. प्रत्येक टंकाला स्वतःचा स्वभाव असतो, असे मानतात. आणि नाटकांच्या जाहिरातींतील नावे कमल शेडगे यांनी ज्या हाताने रेखाटली, तो हात आठवला तर हे मानण्यास हरकत नाही, कारण त्यांनी लिहिलेले नाव पाहताच नाटक फार्स आहे की शोकान्त हे पुढचा मजकूर न वाचता कळे. पत्रिकेच्या दुकानात मात्र हा विवेक आढळेलच असे नाही. लग्नाच्या ‘सप्रेम निमंत्रणा’चा आणि दशक्रियेच्या ‘दुःखद निवेदना’चा टंक तेथे पुष्कळदा एकच असतो, फरक असतो तो फक्त गणपतीचा.

टंकांच्या पोटात आणखी एक तंटा दडलेला आहे. हल्ली मजकूर येतो तो फोनवरून, म्हणजे युनिकोडमध्ये. दुकानातले वेलबुट्टीचे, मुरडलेल्या शेपट्यांचे टंक असतात ते युनिकोडच्या पूर्वीचे. त्यांत संगणक मनातल्या मनात रोमन चिन्हेच मोजीत असतो आणि वर देवनागरीचे सोंग वठवितो. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा युनिकोड टंक विंडोजबरोबर घरोघर पोचला, तेव्हापासून मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर सुखरूप जाऊ लागला खरा. परंतु पत्रिकेसाठी तो फारच सात्त्विक पडतो, असे गिऱ्हाइकाचे मत असल्याने मजकुराचे जुन्या टंकात रूपांतर करावे लागते. या रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी आपले घर सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार भलत्याच्या डोक्यावर चढतो, आणि सर्वांत मोठा आघात होतो तो ‘ऱ्य’ या मराठीच्या खास अक्षरावर, कारण ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांतील भेद परप्रांतीय सुधारकांना क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही. ‘आचार्यांच्या शुभाशीर्वादाने’ असे छापावयाचे आणि ‘आचाऱ्यांच्या शुभाशीर्वादाने’ असे छापून आले, तर मठातील स्वामी एकीकडे रुसतात आणि मुदपाकखान्यातून बिदागी वाढवून मागितली जाते. माझे मत विचाराल तर आशीर्वादाची खरी गरज दुसऱ्या अर्थानेच असते. परंतु तो छापखान्याचा हेतू नव्हता.

आता तो मोकळ्या जागेचा विषय. कागदाच्या कडेला सोडतात तो समास, आणि मजकुराच्या आजूबाजूला मुद्दाम राखतात ती ‘व्हाइट स्पेस’. मामलेदार कचेरीत दरखास्त लिहिणारा अर्जनवीससुद्धा डावीकडे रुंद समास सोडीत असे, कारण साहेबाला शेरा मारावयास जागा हवी. लग्नपत्रिकेवर कोणी शेरा मारणार नसल्याने ही जागा वधूपित्यास शुद्ध नुकसान वाटते. ‘एवढा भाग रिकामा का?’ हा प्रश्न पत्रिकेच्या दुकानात जितक्या वेळा विचारला जातो तितक्या वेळा ‘किती पैसे?’ हाही विचारला जात नसेल. रिकामी जागा डोळ्याला विसावा देते, मुख्य नावाकडे लक्ष नेते, आणि पानाला प्रतिष्ठा आणते, हे सारे खरे; परंतु कागदाचे पैसे संपूर्ण कागदाचे मोजलेले असतात, आणि पैसे मोजून घेतलेली जमीन पडीक ठेवणे हे शेतकऱ्याच्या आणि चाळकऱ्याच्याही रक्तात नाही. मग डावीकडे मंगलकलश बसतो, उजवीकडे सनईवाला. उरलेल्या कोपऱ्यात दोन हात नमस्कार करतात, आणि त्या हातांच्या खालीही बोटभर जागा दिसलीच तर ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’. या शास्त्रातील एवढी एकच संज्ञा अशी आहे की जी मराठी गिऱ्हाइकास व्याख्येने, उदाहरणाने किंवा शपथेवरही पटविता येत नाही.

अलाइनमेंटविषयी थोडक्यात. ओळी डाव्या कडेला लावणे, उजव्या कडेला लावणे, दोन्ही कडांना भिडविणे आणि मध्यभागी तोलणे, असे तिचे चार प्रकार आहेत. पत्रिकेला चौथा एकच ठाऊक आहे. चार शब्दांच्या मंगलवचनाला तो शोभतो. परंतु ‘पेट्रोल पंपासमोर, जुन्या जकात नाक्याच्या मागे’ हा सात ओळींचा पत्ताही मध्यभागी तोलला, म्हणजे प्रत्येक ओळीचा आरंभ निराळ्या ठिकाणी सापडतो आणि वाचणाऱ्याची नजर कार्यालयाला पोचण्यापूर्वीच रस्ता चुकते.

रंगांची वाटाघाट पुरुषांच्या हाती नसते. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांचा बनतो. कागदावरचा बनतो चार शायांचा: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. प्रकाश एकमेकांत मिसळले की उजळत जातात, शाया मिसळल्या की मळत जातात. म्हणून पडद्यावर झळाळणारा केशरी कागदावर उतरेपर्यंत थोडा थकतो. हे वधूच्या मातोश्रींना सांगून पाहावे. त्यांच्या कोशात मॅजेंटा हा शब्द नसून ‘राणी’ हा आहे, आणि त्याच्या आगेमागे डाळिंबी, अंजिरी, आमसुली, चिंतामणी, मोतिया, गर्द जांभळा असे रंग पैठणीच्या घडीसारखे उलगडत जातात. ‘माझ्या शालूचा काठ आहे ना, तोच रंग पाहिजे,’ असे म्हणून त्या शालूच पिशवीतून काढून संगणकापुढे पसरतात. शालूच्या काठात जर असते. आणि चार शाया कितीही मिसळल्या तरी त्यांतून सोने निघत नाही. सोनेरी चमक हवी तर सोनेरी वर्ख उष्णतेने वेगळा दाबून बसवावा लागतो, त्याचा खर्चही वेगळा पडतो, आणि हे ऐकताच पिवळा रंग सर्वांना एकाएकी आवडू लागतो.

राहिले चित्र. फोनवरून चार जणांकडून फिरून आलेला गणपती पडद्यावर सुबक दिसतो; पण छपाईला इंचामागे साधारण ३०० ठिपके लागतात आणि तेवढे त्याच्यापाशी उरलेले नसतात. पत्रिकेवर तो धुक्यातून दर्शन देतो, आणि तेच चित्र मोठे करून कार्यालयाच्या कमानीवर फ्लेक्समध्ये लावले की विघ्नहर्ता सर्वस्वी चौकोनांचा बनलेला दिसतो. उपाय म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिताने साठविलेले, म्हणजे ‘व्हेक्टर’ चित्र घ्यावे. ते कितीही वाढविले तरी फुटत नाही. तसेच, रंगीत पार्श्वभूमी कागदाच्या कडेपर्यंत न्यावयाची असेल तर ती प्रत्यक्ष कडेच्या बाहेर तीनेक मिलिमीटर वाढवून द्यावी. यास ‘ब्लीड’ म्हणतात, आणि कापणारे सुरी मारताना केसभर हुकले तर पांढरी रेघ दिसू नये म्हणून ही खबरदारी असते. ही एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकास चटकन पटते, कारण तीत कागदाबाहेरचीही जागा आपल्याला मिळाली असा भास होतो.

सरतेशेवटी कच्चे मुद्रित तपासावयास येते. पूर्वी ते ओलसर कागदावर निघे आणि मुद्रितशोधक नावाचा एक अबोल मनुष्य तांबड्या शाईने त्याच्या समासात खुणा करी. आता ते कुटुंबाच्या समूहावर पाठविले जाते, आणि तेथे मुद्रितशोधक चाळीस असतात. प्रत्येक जण फक्त आपले नाव तपासतो. त्यामुळे नावे बिनचूक निघतात आणि वार चुकतो. शनिवारच्या तारखेपुढे शुक्रवार छापलेल्या पत्रिका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांत एकाही काकांचे आडनाव चुकलेले नव्हते.

यंदाच्या मोसमात ज्यांच्या घरी कार्य असेल अशा वाचकांना म्हणूनच एवढीच विनंती आहे: कच्चे मुद्रित हाती आले की प्रथम तारीख, वार, वेळ आणि स्थळ तपासा, या चार अक्षरपंक्ती बारा पॉइंटांच्या खाली कोणत्याही दडपणाने उतरू देऊ नका, आणि वधूचे मामा दुकानात येणार असतील तर त्या दिवशी पट्टी घरी ठेवा.